कुंपणावरची वेल वाढते, पण फुलत नाही आणि खालून उघडी पडते : कारणे आणि उपाय

लक्षणे

आडोशासाठी लावलेल्या फुलवेलीची तक्रार माझ्याकडे जवळजवळ नेहमी एकाच स्वरूपात येते. वेल लावून दोन-तीन वर्षे झालेली असतात, ती भिंतीच्या माथ्यावर पोहोचून पलीकडे लोंबू लागलेली असते आणि वरच्या दोन फुटांत पानांचा इतका गच्च थर असतो की त्यातून उजेडही आरपार जात नाही. जमिनीपासून छातीच्या उंचीपर्यंत मात्र पाने नसलेली, मनगटाएवढी जाड खोडे दोरखंडासारखी उभी दिसतात. अंगणात खुर्ची टाकून बसणाऱ्या माणसाला ज्या उंचीवर आडोसा हवा असतो, नेमक्या त्याच उंचीवर तो नसतो. फुले एक तर येतच नाहीत किंवा आलीच तर वरच्या वर, शेजारच्या अंगणाकडे तोंड करून येतात.

या मुख्य लक्षणासोबत काही उपलक्षणे असतात आणि निदान त्यांच्यावरूनच होते. पाने नेहमीपेक्षा मोठी, मऊ आणि काळपट हिरवी असतील आणि दोन पेरांमधले अंतर वाढून काड्या लांबलचक झाल्या असतील, तर दोष बहुधा ऊन, पाणी किंवा खत यांपैकी कशात तरी आहे. पाने निरोगी आहेत, वेलीचा आकार नीटनेटका आहे, दर महिन्याला माळी येऊन जातो आणि तरीही फूल नाही, तर दोष कात्रीत आहे. कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील, तर माती तपासावी लागेल. कळ्या धरतात पण न उमलता गळतात, तर कीड पाहावी. ही लक्षणे आधी एका कागदावर लिहून काढावीत, कारण पुढील तपासण्या करताना दोन-तीन आठवडे सहज जातात आणि तोवर मूळ चित्र डोळ्यांसमोर राहत नाही.

हे सारे मी पुणे परिसरातील बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या कुंपणांवर गेली पंधरा वर्षे जे काम केले त्यावरून लिहीत आहे. त्यात प्रामुख्याने मधुमालती, बोगनवेल, जाई, संक्रांतवेल, लसूणवेल आणि निळ्या तुऱ्यांची पेट्रिया या वेली येतात. एक गोष्ट आरंभीच सांगतो. फूल आले नाही की लोक पहिल्यांदा खताची पिशवी आणतात, आणि मी पाहिलेल्या बहुसंख्य कुंपणांवर त्या पिशवीनेच दोष वाढवला होता. म्हणून खालील क्रमात खत घालण्याची पाळी अगदी शेवटी येते आणि खत थांबवण्याची पाळी पुष्कळ आधी.

पहिली तपासणी : वेल कोणती आणि तिचा बहर केव्हाचा

या तपासणीला काहीच खर्च नाही आणि अनेकदा काम येथेच संपते. संक्रांतवेल नावाप्रमाणे जानेवारी-फेब्रुवारीत नारिंगी फुलांनी मढते आणि एरवी ती नुसती हिरवी असते. पेट्रियाचा मुख्य बहर फेब्रुवारी-मार्चचा असतो, लसूणवेलीचा पावसाळा सरल्यावरचा. मधुमालती उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत झुपक्यांनी फुलते आणि थंडीत मंदावते. बोगनवेलीचे आपण ज्याला फूल म्हणतो ते खरे तर रंगीत सहपत्र, म्हणजे फुलालगतचे रंगलेले पान, असते आणि आतली पांढरट नळी हे तिचे फूल असते. हा रंग तिला कोरड्या हवेत, लखलखीत उन्हात चढतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये ती पानांनीच भरलेली दिसली तर तिला काहीही झालेले नाही.

जानेवारीच्या अखेरीस पुण्यात एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन भरते. त्या सुमारास बहरलेली वेल कुठेतरी पाहून आपण रोप आणतो आणि मनात अपेक्षा धरतो ती बारमाही बहराची. ही अपेक्षा कोणतीच एक वेल पुरी करीत नाही. वर्षभर फूल हवे असेल तर एकाच भिंतीवर दोन वेगळ्या हंगामांच्या वेली लावाव्या लागतात. मधुमालती आणि संक्रांतवेल ही जोडी मी अनेक ठिकाणी लावली आहे आणि ती चांगली चालते, मात्र दोन्ही जोमदार असल्याने त्यांच्यात किमान आठ फुटांचे अंतर ठेवावे.

वेलीचे वयही पाहावे. छाट कलमापासून किंवा गुटीपासून, म्हणजे फांदीला वेलीवरच मुळे फोडून, केलेले रोप लवकर फुलते, तर बियांपासून उगवलेली वेल पहिली काही वर्षे केवळ वाढतच राहू शकते. पहिल्या वर्षी वेल मुळे धरते, आणि त्या वर्षी फुलांसाठी तिच्यामागे लागू नये.

दुसरी तपासणी : ऊन मोजणे

ऊन डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये. एखाद्या सुटीच्या दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला भिंतीपाशी जावे आणि वेलीच्या तीन उंचीवर, म्हणजे गुडघ्याशी, छातीशी आणि माथ्याशी, थेट ऊन आहे की नाही हे लिहून ठेवावे. बोगनवेलीला, संक्रांतवेलीला आणि पेट्रियाला रोज पाच ते सहा तास थेट ऊन लागते. मधुमालती आणि जाई चार तासांत भागवून घेतात, पण त्याहून कमी उन्हात त्यांची फुले झपाट्याने घटतात. ऊन कमी पडले म्हणजे वेल मरत नाही. ती ऊन शोधत वर धावते, आणि ती धाव हेच आपल्या मुख्य लक्षणाचे पहिले कारण आहे.

हे मोजमाप कोणत्या महिन्यात केले त्याला फार महत्त्व आहे. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे भिंतीच्या उत्तरेकडच्या बाजूलाही त्या दिवसांत ऊन मिळते. उन्हाळ्याच्या सुटीत जागा पाहून, येथे भरपूर ऊन आहे असे ठरवून, पहिल्या पावसाला रोप लावले जाते. डिसेंबरात मात्र तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो की भर दुपारी सहा फुटी भिंतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ साडेपाच फूट पडते. भिंतीच्या उत्तर पायथ्याशी लावलेली वेल संपूर्ण हिवाळा त्या सावलीत काढते आणि ऊन फक्त तिच्या माथ्याला लागते. अशा वेलीने माथ्यावरच फुलावे यात नवल नाही.

ऊन अडवणारे कारण हलवता येण्याजोगे असेल, उदाहरणार्थ हिरवी शेडनेट किंवा ओळीने ठेवलेल्या उंच कुंड्या, तर ते लगेच हलवावे. अडथळा झाडाचा असेल तर कात्री हातात घेण्याआधी थांबावे. महाराष्ट्राच्या नागरी भागात झाडांच्या तोडीवर १९७५च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाचे बंधन आहे, म्हणून फांद्या छाटण्याआधीही महानगरपालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे, म्हणजे वृक्ष प्राधिकरणाकडे, अर्ज करून परवानगी घ्यावी. झाड स्वतःच्या आवारात असले तरी हा नियम आपल्याला लागू नाही असे समजू नये.

तिसरी तपासणी : पाणी आणि खत थांबवून पाहणे

वेलीच्या मुळाशी बोटाची दोन पेरे जातील एवढे बोट खुपसावे. पाणी देऊन चार दिवस झाल्यावरही बोटाला ओली माती चिकटत असेल तर पाणी जास्त होत आहे. अशा वेळी नळी कोठून येते हे शोधावे. हिरवळीच्या तुषार सिंचनाचे तोंड भिंतीकडे वळलेले असणे, वातानुकूलन यंत्राची नळी नेमकी आळ्यात सोडलेली असणे, किंवा टाकीचे भरून वाहणारे पाणी त्या बाजूला उतरणे, ही तीन कारणे मला पुन्हा पुन्हा आढळली आहेत आणि त्यांतील एकही मालकाच्या लक्षात आलेले नव्हते.

डाळिंबाचे किंवा संत्र्याचे बागायतदार बहर धरण्यासाठी झाडांना ताण देतात, म्हणजे काही काळ पाणी तोडतात. बोगनवेलीला हाच उपाय लागू पडतो. परतीचा पाऊस थांबल्यावर जमिनीतल्या, पूर्ण वाढलेल्या बोगनवेलीचे पाणी बंद करावे आणि रोज दोन वेळा पाने पाहावीत. दुपारी पाने मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा ताठ होत असतील, तर ताण योग्य प्रमाणात बसत आहे; सकाळीच पाने मान टाकून असतील तर ताण पुरे झाला असे समजून त्याच दिवशी पाणी द्यावे. भारी काळ्या जमिनीत या टप्प्याला यायला दोन-तीन आठवडे लागतात, कुंडीत मात्र तीन-चार दिवस पुरतात. जाईला, मधुमालतीला आणि दोन वर्षांच्या आतील कोणत्याही वेलीला असा ताण देऊ नये. त्यांच्या कळ्याच गळतात.

खताच्या बाबतीत पिशवीवरचा पहिला आकडा वाचायला शिकावे. तो नत्राचा असतो आणि नत्र म्हणजे पाने. युरियात ४६ टक्के नत्र असते, आणि हिरवळीसाठी फेकलेला युरिया पावसाच्या पाण्याबरोबर भिंतीकडे वाहत जाऊन वेलीच्या मुळांना मिळतो, हे कुणाच्या ध्यानी येत नाही. घरोघरी वापरले जाणारे १९:१९:१९ हे विद्राव्य खतही वारंवार दिले तर हाच परिणाम होतो. पाने मोठी आणि काळपट असतील तर तीन महिने नत्र पूर्ण बंद ठेवावे. त्यानंतरही कळी दिसली नाही तर पुढच्या तपासणीकडे वळावे. खत बदलून पाहण्याच्या मागे लागू नये.

चौथी तपासणी : पाने उलटून पाहणे

ही लवकर उरकते. पानांच्या मागे आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा, पेरांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण, कोरड्या दिवसांत पानांखाली बारीक जाळी करणारे लाल कोळी, आणि जाईच्या कळीला पडलेले भोक ही पाहण्याची ठिकाणे. खोडावर मुंग्यांची रांग वर जात असेल तर वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे असे धरून चालावे, कारण मुंग्या त्यांच्या गोड स्रावासाठी तेथे जातात. पाण्याचा जोरदार फवारा, त्यानंतर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि ते मिसळण्यासाठी थोडे साबणाचे पाणी, असा फवारा संध्याकाळी आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा पुरतो. पोखरलेल्या कळ्या खुडून नष्ट कराव्यात.

पाचवी तपासणी : छाटणीचा हिशेब

येथे मी अधिक वेळ घेणार आहे, कारण दहापैकी सहा-सात कुंपणांवर दोष येथेच सापडतो.

फुलवेलींचे छाटणीच्या दृष्टीने दोन गट पडतात. मधुमालती, बोगनवेल आणि जाई यांना फूल चालू हंगामातल्या नव्या फुटव्यावर येते. संक्रांतवेलीला आणि पेट्रियाला ते आधी वाढून पक्व झालेल्या काडीवर येते. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरची छाटणी त्या तयार काडीतून घड काढण्यासाठी असते, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेले असते. शोभेच्या वेलींना मात्र आपण सरसकट एकच कात्री लावतो.

त्याचे सर्वात नेहमीचे उदाहरण म्हणजे दिवाळीची साफसफाई. दिवाळीच्या आधी रंगारी येतो, भिंत मोकळी करून हवी असते, आणि माळी संक्रांतवेल चांगली कापून स्वच्छ करून देतो. पावसाळ्यात तयार झालेल्या ज्या काड्यांच्या टोकांना जानेवारीत झुपके लोंबायचे, त्या सगळ्या त्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत जातात. संक्रांत येते आणि वेल हिरवीगार उभी असते. पुढच्या वर्षी पुन्हा दिवाळी, पुन्हा कात्री. एका सोसायटीत पाच वर्षे हे चालले होते आणि रोपच खोटे निघाले असे सगळ्यांचे मत झाले होते. मी त्यांना एवढेच सांगितले की, यंदा ऑगस्टनंतर तिला हात लावू नका. त्याच जानेवारीत ती फुलली. संक्रांतवेल आणि पेट्रिया यांची छाटणी बहर ओसरल्यावर लगेच, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलमध्ये करावी, आणि भिंत रंगवायची असेल तर तीही तेव्हाच रंगवावी.

नव्या फुटव्यावर फुलणाऱ्या वेलींचा घात वेगळ्या रीतीने होतो. मधुमालतीचा झुपका फुटव्याच्या टोकाशी येतो. संध्याकाळी पांढरी उमललेली फुले पुढे गुलाबी आणि मग लाल होतात, आणि एकाच झुपक्यात हे तिन्ही रंग दिसतात ते त्यामुळेच. माळी दर महिन्याला येऊन पुढे आलेली टोके सपाट कापत असेल, तर तो दर महिन्याला झुपकेच कापत असतो. हा त्याचा दोष नाही, कारण त्याला नीटनेटके कुंपण राखण्याचेच काम दिलेले असते. अशा वेलींची एकच जोरदार छाटणी करावी: जाईची डिसेंबरअखेर ते जानेवारीत, मधुमालतीची थंडी ओसरताना फेब्रुवारीत, बोगनवेलीची मुख्य बहर संपल्यावर पाऊस सुरू होण्याच्या सुमारास. त्यानंतर वाट अडवणारी एखादी काडी तेवढी काढावी आणि मोठी कात्री बाहेर काढूच नये. बोगनवेलीचे कोवळे फुटवे वीतभर झाले की त्यांचा शेंडा एकदा बोटांनी खुडावा. एका काडीच्या दोन-तीन काड्या होतात आणि तितक्या टोकांना रंग धरतो.

सहावी तपासणी : वेल बांधली कशी आहे

खालून उघडे पडण्याचा दोष छाटणीने अर्धाच जातो. उरलेला अर्धा बांधणीने जातो. सरळ वर जाणाऱ्या काडीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होऊन खाली उतरते आणि खालच्या डोळ्यांना, म्हणजे पेरांवरच्या सुप्त कोंबांना, फुटू देत नाही. तीच काडी आडवी केली की हा दाब सैल पडतो आणि जवळजवळ प्रत्येक पेरातून उभा फुटवा निघतो. आडव्या एका काडीतून पंधरा-वीस उभे फुटवे निघणे याचाच अर्थ आडोसा खालपासून भरणे, आणि नव्या फुटव्यावर फुलणाऱ्या वेलीत तितकीच फुलांची टोके वाढणे.

यासाठी लागते ती १२ गेजची गॅल्व्हनाइज्ड तार, भिंतीत ठोकायचे हूक आणि सुतळी. पहिली तार जमिनीपासून एका फुटावर आणि पुढच्या प्रत्येकी सव्वा फुटावर, अशा चार-पाच तारा ओढाव्यात, आणि तार व भिंत यांत तीन बोटे अंतर ठेवावे. ते अंतर नसेल तर मागे हवा खेळत नाही, भिंत ओलसर राहते आणि पिठ्या ढेकणाला आयता आसरा मिळतो. बांधताना सुतळीचा सैल, आठच्या आकड्यासारखा फास द्यावा. प्लास्टिकची दोरी किंवा उघडी तार खोड जाड झाल्यावर सालीत रुतते, आणि असे रुतलेले वळ मी अनेक खोडांवर हाताने चाचपले आहेत.

वाकवण्याची वेळ महत्त्वाची आहे. सकाळी पाण्याने भरलेली काडी कटकन मोडते. तीच काडी दुपारी, पाणी देण्याआधी, जरा नरमलेली असते. पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी निवडावी, तळाशी एका हाताने पकडून दुसऱ्या हाताने हळूहळू, दोन-तीन ठिकाणी थांबत, खालच्या तारेवर आणावी. सालीतून बारीक चरचर ऐकू आली तर तेथेच थांबून तेवढ्याच कोनात बांधावी आणि आठवड्याने पुढे वाकवावी. मधुमालतीच्या जुन्या खोडांवर गळलेल्या पानांच्या देठांचे कडक काटे उरतात आणि बोगनवेलीचे काटे तर सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून जाड हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करावे.

मनगटाएवढी जुनी खोडे वाकत नाहीत. त्यांतील एक तृतीयांश खोडे दर वर्षी त्या वेलीच्या छाटणीच्या हंगामात जमिनीपासून एक-दीड फुटावर कापावीत, म्हणजे तीन वर्षांत संपूर्ण वेल नव्याने घडते आणि आडोसा एकदमही जात नाही. कापण्याआधी खोड नखाने किंचित खरवडून पाहावे. आत हिरवे दिसले तर ते फुटेल, तपकिरी आणि कोरडे असेल तर ते तळापासून काढावे. चाळीस फुटांच्या एका भिंतीवर अशा सहा मधुमालती होत्या आणि त्यांची सगळी फुले पलीकडच्या घराला मिळत होती. फेब्रुवारीत दोन-दोन जुनी खोडे कापली, तळातून आलेले धुमारे जूनमध्ये खालच्या दोन तारांवर आडवे बांधले, आणि त्याच वर्षी गणपतीच्या सुमारास बसणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर झुपके होते. मालकीणबाई रोज संध्याकाळी सातला खुर्ची टाकून फुले उमलण्याची वाट पाहत असत, असे त्यांनी मला सांगितले, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

सातवी तपासणी : खणून पाहणे

ही सर्वांत कष्टाची तपासणी आहे आणि आधीच्या सर्व निष्फळ ठरल्या तरच करावी. कुंपणाच्या भिंतीलगत बांधकामाच्या वेळचा राडारोडा पुरलेला असतो: विटांचे तुकडे, वाळलेले सिमेंट, चुना. वेलीपासून दीड फुटावर पहारीने फूटभर खोल खणावे. पहार खणखणत असेल आणि वरची दोन मुठी माती सोडून खाली रोडेच लागत असतील, तर कारण सापडले. तेथील चिमूटभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. स्पष्ट फसफस झाली तर मातीत चुना बराच आहे. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही, आणि कोवळी पाने पिवळी होऊन शिरा हिरव्या राहतात त्या त्यामुळेच.

अशा मातीत हिराकस, म्हणजे लोह देणारे फेरस सल्फेट, टाकून उपयोग होत नाही, कारण तेही लगेच बद्ध होते. एक लिटर पाण्यात ३ ग्रॅम हिराकस विरघळवून ते पानांवर संध्याकाळी फवारावे, आधी एकाच फांदीवर प्रयोग करावा, आणि भिंतीवर किंवा फरशीवर शिंतोडे उडू देऊ नयेत, कारण त्याचे तांबूस डाग जात नाहीत. हा तात्पुरता उतारा आहे. कायमचा उपाय म्हणजे भिंतीपासून दीड फूट सोडून दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेणे, राडा बाहेर काढणे, चांगली माती आणि कुजलेले शेणखत दोनास एक या प्रमाणात भरणे आणि नवे रोप लावणे. मोठी बोगनवेल उपटून दुसरीकडे लावण्याचा प्रयत्न करू नये; तिची मुळे नाजूक असतात आणि बहुतेकदा ती वाळते.

येथपर्यंत ऊन, पाणी, छाटणी, बांधणी आणि माती सारे ठीक असेल तरच खताचा विचार करावा. पावसाच्या आरंभी प्रत्येक वेलीला एक घमेले शेणखत आणि बहराच्या महिनाभर आधी ०:०:५० हे पालाशयुक्त खत लिटरला ५ ग्रॅम प्रमाणे, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारावे, एवढे पुरेसे आहे. उन्हाच्या मोजणीत चार तासही भरले नसतील, तर मात्र कोणतेही खत ते उणे भरून काढणार नाही. तेथे वेल बदलावी. निळ्या मोठ्या फुलांची थनबर्जिया अर्ध्या सावलीतही बऱ्यापैकी फुलते, फक्त ती फार धावते आणि शेजारच्या झाडावर चढू नये म्हणून तिच्यावर लक्ष ठेवावे लागते.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

वेल विजेच्या तारेला किंवा खांबाला टेकली असेल तर तिला हात लावू नये, खालून ओढूही नये. ओली वेल वीज वाहून नेते. वीज कंपनीला १९१२ या क्रमांकावर कळवावे आणि त्यांनी प्रवाह बंद केल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये.

भिंतीला उभी भेग गेली असेल, भिंत एका बाजूला झुकलेली दिसत असेल किंवा माथ्यावरचा भार ओला झाल्यावर ती हलत असेल, तर वेल कापायलाही भिंतीखाली उभे राहू नये. पावसात भिजलेल्या दाट वेलीचे वजन फार असते आणि वाऱ्यात ती शिडासारखी ताणली जाते. बांधकाम अभियंत्याला आधी भिंत दाखवावी. शिडीवर चढून आठ फुटांपेक्षा उंच काम करायचे असेल तर तेही अनुभवी माणसाकडे सोपवावे.

वेलीत आग्या मोहोळ बसले असेल तर धूर करू नये, पाणी मारू नये. मोहोळ उतरवणाऱ्या जाणकाराला बोलवावे आणि तोवर मुलांना त्या बाजूला जाऊ देऊ नये. तळाचा दाट पाचोळा आणि राडारोडा काढताना साप दिसला तर काम थांबवून, त्याच्यावर लांबून नजर ठेवून, सर्पमित्राला बोलवावे.

चांगली हिरवी असलेली वेल आठवडाभरात पूर्ण मान टाकत असेल आणि माती ओली असेल, तर खोडाची किंवा मुळांची कूज झालेली असू शकते. त्या वेळी आणखी पाणी देऊ नये आणि दुकानातून अंदाजाने बुरशीनाशक आणू नये. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात वेलीचा एक रोगट तुकडा मुळासह आणि अर्धा किलो माती घेऊन जावे. माती एकाच जागची घेऊ नये. वरचा पाचोळा बाजूला करून वेलीभोवतीच्या चार-पाच ठिकाणांहून वीतभर खोलीपर्यंतची थोडी थोडी माती काढावी, ती एकत्र मिसळून सावलीत वाळवावी आणि कापडी पिशवीत भरावी. खताच्या रिकाम्या गोणीत ती कधीही नेऊ नये, नाहीतर अहवालात गोणीतलेच खत दिसेल. आरंभी लिहिलेला लक्षणांचा कागदही सोबत न्यावा; छाटणी, पाणी आणि खत यांच्या तारखा त्यावर असतील तर तेथील तज्ज्ञ पहिल्या भेटीतच निश्चित काही सांगू शकतात.